हेतु आणि प्रयोजक : आत्मघातकी घातपाताच्या साधनांची चिकित्सा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या येथील एका संग्राहक मित्रांनीं जुन्या पोथ्यांच्या रुमालाबरोबर एक निराळेंच बाड आमच्यापुढें ठेविलें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर जो हल्ला झाला त्यासंबंधींचीं वृत्तपत्रांतील कात्रणें, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राची प्रत, आणि हल्लेखोर व त्यांस दूरध्वनीवरून आज्ञा देणारे यांच्या संभाषणाचे उतारे असें त्या बाडाचें स्वरूप होतें. मित्र म्हणाले, "गुरुजी, हें बांधून ठेवूं कीं चुलींत घालूं? ज्यांनीं स्टेशनावर बायकापोरांवर गोळ्या झाडल्या, त्यांचे शब्द आपण कशाला सांभाळावे?" जवळच बसलेले एक तरुण सभासद म्हणाले कीं, हीं माणसें मरावयास तयार कां होतात हें कळल्यावांचून त्यांचा बंदोबस्त व्हावयाचा कसा? दोघांचेंहि म्हणणें आम्हांस मनापासूनचें वाटलें. त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें शोधण्याचा प्रयत्न या टिपणांत केला आहे.

कागद जपावा कीं जपूं नये, हा प्रश्न संशोधकापुढें नेहमीं तो कागद वाचावयाचा कसा या प्रश्नाच्या मागून येतो. म्हणून आधीं वाचनाचा विचार करूं.

(१) शब्दमर्यादा

प्रथम शब्द निश्चित केला पाहिजे. सरनोबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीच्या खिंडींत बहलोलखानावर तुटून पडले व पडले. मरण समोर दिसत असतां त्यांनीं घोडा घातला हें खरें. परंतु तें शस्त्रधाऱ्यानें शस्त्रधाऱ्यावर घातलेले घाव होत, आणि विजय मिळून जीव वांचता तर तें कोणास नको होतें असें नाहीं. उलटपक्षीं दुःखानें ग्रासलेला मनुष्य स्वतःचा अंत करतो, त्यांत परक्याच्या जिवावर घाला नसतो. आम्हांस विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या प्रकाराचा: ज्यांत परक्याचा, बहुधा निःशस्त्राचा, वध हा उद्देश असतो, आणि मारणाराचें स्वतःचें मरण हा त्या योजनेचाच एक भाग म्हणून आधींपासून धरलेला असतो. अंगावर स्फोटक बांधून जाणारा असो कीं परत फिरण्याची सोयच न ठेवतां बंदुकी देऊन धाडलेला असो, दोघेहि याच वर्गांत मोडतात.

त्याच्या हेतूचा शोध घेतांना बहुतेक लेखक एकवचनीं "हेतु" असें म्हणतात, आणि आमच्या मतें घोटाळा तेथेंच सुरू होतो. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. त्या जुन्या खोडीप्रमाणें येथें व्याकरणाचा आधार घेतों. क्रियेमध्यें जो स्वतंत्र तो कर्ता, असें पाणिनि सांगतो. आणि लगेच पुढच्या सूत्रांत, त्या कर्त्यास जो प्रवृत्त करतो त्यास "हेतु" अशी संज्ञा देतो, व कर्ता ही संज्ञाहि त्यास लागू ठेवतो. देवदत्त स्वयंपाक करतो, यज्ञदत्त त्याजकडून तो करवितो. येथें यज्ञदत्त हा प्रयोजक, व तोच हेतु. मराठींत आपण हेतु हा शब्द मनांतील इच्छेस लावतों. पाणिनीच्या परिभाषेंत तो एका मनुष्याचें नांव आहे. "या मारेकऱ्याचा हेतु काय?" या प्रश्नाबरोबर "या मारेकऱ्याचा हेतु कोण?" हाहि प्रश्न विचारला पाहिजे. आणि सूत्रकारानें प्रयोजकास कर्तेपण दिलें म्हणून प्रवृत्त झालेल्याचें कर्तेपण काढून घेतलेलें नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. धाडणाराचा दोष दाखविल्यानें जाणारा निर्दोष ठरत नाहीं.

(२) कौटिल्याचे तीक्ष्ण

हा भेद केवळ वैयाकरणांचा नव्हे. आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूरच्या ग्रंथालयांतून उजेडांत आणून १९०९ सालीं छापलेल्या अर्थशास्त्रांत, पहिल्याच अधिकरणांत गूढपुरुषांचे प्रकार दिले आहेत. त्यांत "तीक्ष्ण" म्हणून एक वर्ग आहे. देशांतील जे शूर पुरुष आपल्या जिवाची पर्वा सोडून द्रव्याकरितां हत्तीशीं किंवा हिंस्र श्वापदाशींहि झुंज घेतील, त्यांस या कामीं नेमावें असा त्याचा आशय आहे. कौटिल्यानें त्यांस "त्यक्तात्मा" म्हटलें आहे.

या लहानशा वाक्यांत तीन गोष्टी आहेत. जिवावर उदार झालेला मनुष्य समाजांत आधींच असतो. राज्य त्यास घडवीत नाहीं, शोधून काढतें. त्याला हवें असतें एक, द्रव्य. आणि राजाला हवें असतें दुसरें, शत्रूचा नाश. या दोन इच्छा कधींहि एक होत नाहींत, तरी एकाच कृत्यांत त्या भेटतात. कौटिल्य हा या बाबतींत आजच्या पुष्कळ पंडितांहून स्पष्टवक्ता आहे, कारण तो स्वतः प्रयोजकाच्या बाजूनें लिहितो व आपल्या बाजूवर धर्माचें पांघरूण घालीत नाहीं.

(३) जळालेले ग्रंथ आणि उरलेल्या कथा

आतां साधनांकडे वळूं. "फिदाई" या शब्दाच्या मुळाशीं खंडणीदाखल स्वतःस देऊन टाकणें हा अर्थ आहे. इराणांतील अलमूत किल्ल्याच्या निजारी इस्माइली पंथानें अकराव्या शतकाच्या अखेरीपासून असे पुरुष शत्रूच्या सरदारांवर धाडले. १०९२ सालीं सेल्जुकांचा वजीर निजाम-उल्-मुल्क मारला गेला तो याच पंथाच्या हातून, असें इतिहासकार मानतात. हे लोक सुरा वापरीत व बहुधा पळून जाण्याचा यत्न करीत नसत. त्यांस गांजासारखी नशा पाजून, कृत्रिम स्वर्ग दाखवून, मग कामगिरीवर पाठवीत, ही मार्को पोलोनें पसरविलेली कथा आजहि शिकलेल्या लोकांच्या तोंडीं असते. फरहाद दफ्तरी यांनीं १९९४ सालीं या कथांची परंपरा तपासली, तेव्हां त्या परक्यांच्या व प्रतिपक्षाच्या मुखांतून वाढल्या आहेत असें दाखविलें.

पंथाचें स्वतःचें म्हणणें काय होतें? १२५६ सालीं हुलागूनें अलमूत घेतला तेव्हां त्याच्याबरोबर इतिहासकार जुवैनी होता. तेथील प्रसिद्ध ग्रंथालयांतून त्यानें कुराणाच्या प्रती व कांहीं निवडक ग्रंथ बाजूस काढले, आणि पंथाच्या मतांचे ग्रंथ जाळून टाकले. ही हकीकत त्यानें स्वतःच अभिमानानें नमूद केली आहे. ग्रंथ गेले, नशेची गोष्ट राहिली. जेथें साधन नष्ट होतें तेथें दंतकथा घर करते. आणि ही दंतकथा निरुपद्रवी नव्हे: मारेकरी नशेंत होता असें म्हटलें कीं त्याला कोणी काय सांगितलें, कसें शिकविलें, कोणी मान दिला, हे सर्व प्रश्न बंद होतात.

हा अनुभव आमच्या यवतमाळकरांस अगदींच परका नाहीं. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपींत बंद होत्या तोंवर त्या पंथाविषयीं विरोधकांनीं उठविलेल्या कंड्या खऱ्या धरल्या जात. राजवाडे, भावे आणि आमच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांनीं तें वाङ्मय उजेडांत आणल्यावर त्यांतील असत्य आपोआप गळून पडलें. अहिंसा पाळणाऱ्या त्या पंथाची आणि अलमूतकरांची तुलना आम्ही करीत नाहीं. साधनें झांकलीं असतां काय होतें एवढाच दाखला घेतों.

(४) एका मनुष्याचे चार पाठ

मुंबईच्या हल्ल्यांत दहा जण समुद्रमार्गें आले, १६६ माणसें मारलीं गेलीं, नऊ हल्लेखोर मेले, आणि एक, अजमल कसाब, जिवंत सांपडला. अशा कृत्यांत कर्ता बहुधा आपल्या कृत्याबरोबरच नाहींसा होतो. म्हणून या एकाची जबानी हें दुर्मिळ साधन होय. परंतु जबानी एक नाहीं. पोथीच्या निरनिराळ्या प्रतींत पाठभेद असावे तसे तिचे निदान चार पाठ आहेत.

पहिला, पकडल्यावर रुग्णालयांत पोलिसांपुढें दिलेला, ज्याची चित्रफीत पुढें प्रसिद्ध झाली. त्यांत घरची गरिबी, बाप आणि पैसा यांच्या गोष्टी आहेत. दुसरा, फेब्रुवारी २००९ मध्यें दंडाधिकाऱ्यांपुढें, विचार करण्यास अवधि देऊन, रीतसर नोंदलेला. त्यांत बापाशीं भांडून घर सोडल्याची, लाहोरांत मजुरी केल्याची, व पुढें एकामागून एक शिक्षणाच्या छावण्यांतून गेल्याची हकीकत सविस्तर येते. आणि आपणांस पश्चात्ताप नाहीं, इतरांनींहि आपल्यासारखें फिदाई व्हावें असा कित्ता घालून द्यावा म्हणून हा कबुलीजबाब देत आहों, असेंहि तो सांगतो. तिसरा, जुलै २००९ मध्यें भर न्यायालयांत अचानक गुन्हा कबूल केला तो. चौथा, त्याच वर्षीं डिसेंबरांत, सर्व नाकारून, आपण सिनेमांत काम मिळविण्यास मुंबईस आलों होतों असें सांगितलें तो.

यांतील खरा पाठ कोणता? कृत्याविषयीं संशयास जागा नव्हती. साक्षी, छायाचित्रें व वस्तु यांनीं तें सिद्ध झालें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं शिक्षा कायम केली. आमचा प्रश्न हेतूपुरता आहे. पाठचिकित्सेचा नियम असा कीं पाठ कोणी, कोणासाठीं व कोणत्या प्रसंगीं लिहिला तें आधीं पहावें. तो नियम लावतांच दिसतें कीं श्रोता बदलला तसा हेतु बदलला. जखमी होऊन पोलिसांच्या हातीं पडलेला पोरगा गरिबी सांगतो. जगाला ऐकूं जाईल अशी नोंद होत आहे असें दिसतांच तोच मनुष्य आदर्श पुरुष होतो. आणि फांसाची छाया पडतांच सिनेमाचा उमेदवार होतो. या चारांपैकीं एक उचलून "हाच हेतु" म्हणणें हें एका प्रतीवरून ग्रंथ छापण्यासारखें आहे. चारहि पाठांतून जें निष्पन्न होतें तें एवढेंच कीं, घरापासून तुटलेल्या व स्वतःविषयीं कांहींच न ठरलेल्या एका तरुणास दुसऱ्या कोणी तरी नवीन नांव, नवीन सोबती आणि स्वतःकडे पाहण्याची नवीन दृष्टि दिली. तो दुसऱ्या पाठांत बोलतो ती भाषा शिकविलेली आहे.

येथें बाडांतील दूरध्वनीचे उतारे उपयोगीं पडतात, कारण त्यांत प्रयोजक स्वतः बोलतो. ताजमहाल हॉटेलांत शिरलेल्या एकास तेथील मोठ्या पडद्याचीं संगणकयंत्रें व खोल्यांचा थाट पाहून नवल वाटतें, आणि पलीकडचा आवाज त्याला आग लावण्याची पुनः पुनः आठवण देतो. जिवंत सांपडावयाचें नाहीं, हें तोच आवाज वारंवार बजावतो. जाणाऱ्याचा निश्चय जर लोक समजतात तसा पोलादी असता, तर तीन दिवस त्याच्या कानाशीं बसून त्याला मरणाकडे ढकलण्याचें काम कोणास पडलें असतें? हा आवाज दूर, सुरक्षित खोलींत होता. तो मरण्यास आला नव्हता. आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीं टिपून ठेवावी: त्या संभाषणांत एका आज्ञा देणाऱ्याच्या तोंडीं "प्रशासन" हा शब्द आला, आणि हा बोलणारा हिंदुस्थानांतील असावा असा संशय तपासणाऱ्यांस त्यावरून आला, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. एका तत्सम शब्दानें प्रयोजकाच्या मुखवट्यास तडा जावा, यांत आमच्यासारख्यांस शिकण्यासारखें आहे.

प्रयोजकाला नोंदीची किती गरज असते याचें दुसरें उदाहरण श्रीपेरुंबुदूरचें. २१ मे १९९१ रोजीं तेथें राजीव गांधींचा वध झाला. वाघांच्या संघटनेनें त्या प्रसंगाचीं छायाचित्रें घेण्यास माणूस नेमला होता. स्फोटांत तो स्वतः मेला. कॅमेरा मात्र वांचला, आणि त्यांतील चित्रांवरूनच तपासाचा धागा सांपडला. मारेकरी बाई मेली कीं तिचें काम संपलें. धाडणारांचें काम तेथून सुरू व्हावयाचें होतें, म्हणून त्यांस चित्र हवें होतें.

(५) पेप यांचा ग्रंथ आणि दारिद्र्याचें कारण

या विषयावरील आधुनिक ग्रंथांत अमेरिकेंतील प्राध्यापक रॉबर्ट पेप यांचा २००५ सालचा ग्रंथ पुष्कळ वाचला गेला. त्यांनीं १९८० ते २००३ या काळांतील ३१५ हल्ल्यांची यादी केली, व त्यांच्या मुळाशीं धर्मवेडापेक्षां परकीय सैन्याचा ताबा आणि लोकशाही राज्यांस माघार घ्यावयास लावण्याचा डाव आहे, असा सिद्धांत मांडला. त्या यादींत सर्वांत मोठा वाटा श्रीलंकेंतील तमिळ वाघांचा होता, आणि ती संघटना धर्मपीठावर उभी नव्हती. एवढ्या एका गोष्टीनें त्यांनीं पुष्कळांचे पूर्वग्रह दूर केले, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. संघटनेचा डाव, समाजाचा पाठिंबा व व्यक्तीची प्रवृत्ति हे तीन थरहि त्यांनीं वेगळे मांडले आहेत. फ्रेंच पंडित दुर्खाइम यांनीं १८९७ सालीं समूहासाठीं केलेल्या आत्मनाशाचा जो वर्ग कल्पिला, त्याचाहि त्यांनीं उपयोग केला आहे.

परंतु ग्रंथांत दोन दोष राहिले. एक, त्यांनीं जेथें हल्ले झाले तेवढीच स्थळें मोजलीं. जेथें परकीय ताबा होता पण असे हल्ले झाले नाहींत तीं स्थळें तोलांत नाहींत. हाच आक्षेप २००८ सालीं अमेरिकेंतील इतर विद्वानांनींहि घेतला. दुसरा, त्यांनीं सर्वांत अधिक प्रकाश प्रयोजकाच्या डावावर पाडला, आणि कर्त्याची प्रवृत्ति त्यामानानें पुसट राहिली. मुंबईवर आलेल्यांच्या गांवीं कोणत्या हिंदी सैन्याचा तळ होता? पेप यांच्या यादीनंतरच्या काळांत तर इराक व पाकिस्तान येथें असंख्य हल्ले स्वधर्मीयांवरच झाले.

ताब्याच्या कारणाप्रमाणेंच दारिद्र्याचें कारण सांगितलें जातें. याविषयीं बोलण्याचा अधिकार यवतमाळास दुर्दैवानें आहे. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्यानें मार्च १९८६ मध्यें पत्नी व मुलांसह जीवन संपविलें. पुढें आत्महत्यांच्या बातम्यांनीं आमच्या जिल्ह्याचें नांव देशभर झालें, इतकें कीं १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होतें. ज्यांच्या वर्गांत आम्हीं रूपें घोकविलीं त्या पोरांच्या घरांतूनहि हें दुःख शिरलें. कर्ज होतें, अपमान होता, सावकाराचा राग होता. तथापि त्या शेतकऱ्यांनीं बाजारांत जाऊन परक्यांचे जीव घेतले नाहींत. उलट २१ एप्रिल २०१९ रोजीं कोलंबोच्या हॉटेलांत स्वतःसह अनेकांस मारणारे दोघे भाऊ एका धनाढ्य मसाला व्यापाऱ्याचे पुत्र होते. दारिद्र्य मनुष्यास मरणाच्या कडेपर्यंत नेऊं शकतें. तेथून त्याचें तोंड परक्याकडे वळविण्यास कोणी तरी वळविणारा लागतो. ज्या निराशेस प्रयोजक भेटत नाहीं ती स्वतःवरच उलटते. म्हणून ती निराशा कमी महत्त्वाची ठरत नाहीं. तिचा उपाय मात्र वेगळा आहे, आणि तो दहशतीच्या भीतीनें नव्हे तर न्याय म्हणून केला पाहिजे.

(६) प्रयोजक नसतां तो कल्पिण्याचा दोष

वाचक म्हणतील, तुम्हांस सर्वत्र प्रयोजकच दिसतो. तो दोष आमच्या हातून होऊं नये म्हणून दोन उदाहरणें घेतों.

दामोदर हरि चापेकर यांचें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त वि. गो. खोबरेकर यांनीं संपादिलें व तें १९७४ सालीं प्रसिद्ध झालें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या घातल्या गेल्या, तें कृत्य आत्मघातकी नव्हे. बंधु तेथून निघून गेले, आणि त्यांचें लक्ष्य अधिकारी होते, वाटसरू नव्हते. ज्यांस महाराष्ट्र हुतात्मे मानतो त्यांस आम्ही वरील मंडळींच्या पंक्तीस बसवीत नाहीं. तथापि मृत्यु समोर ठेवून लिहिलेलें मराठी आत्मनिवेदन म्हणून तो ग्रंथ आमच्या प्रश्नास उपयोगी आहे. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलूम हेंच या वधाचें एकमेव कारण, अशी समजूत आहे. आत्मवृत्त वाचतां दिसतें कीं सैन्यांत शिरण्याची फसलेली इच्छा, तालीमबाज पोरांची मंडळी, सुधारकांविषयींचा संताप आणि मुंबईच्या राणीच्या पुतळ्यास डांबर फांसणें हें सर्व रँडच्या आधींचें आहे. जुलमानें प्रसंग दिला. मन आधींच तयार होतें.

सरकारनें मात्र यामागें प्रयोजक असलाच पाहिजे असें धरलें. वधाचा संबंध सिद्ध झाला नाहीं तरी त्याच वर्षीं टिळकांस राजद्रोहाखालीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेविलें. पुण्यावर दंडाची जादा पोलीस चौकी बसली. यानें दहशत थांबली नाहीं. सरकारविषयींचा विश्वास मात्र आणखी उडाला. प्रयोजक पुराव्यानें शोधावयाचा असतो, संशयानें नेमावयाचा नसतो.

दुसरें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें. २५ सप्टेंबर २०१५ रोजीं, बकरी ईदच्या दिवशीं, पुसद येथें मशिदीबाहेर बंदोबस्तावरील पोलिसांवर एका तरुणानें सुऱ्यानें वार केले. त्यावरून दहशतवादी कटाचा खटला झाला. अकोल्याच्या विशेष न्यायालयानें २०१९ सालीं वार केल्याबद्दल त्यास दोषी ठरविलें, परंतु दहशतवादाच्या आरोपांतून त्यास व इतर दोघांस मुक्त केलें. गोवंशहत्याबंदीवरील राग त्यानें हिंसेनें दाखविला हें खरें, पण त्यानें "जिहाद" हा शब्द उच्चारला एवढ्यावरून त्यास दहशतवादी म्हणणें धाडसाचें होईल, असें सांगून न्यायाधीशांनीं त्या शब्दाचा कोशगत अर्थ पाहिला. कोश उघडून मग निर्णय देणारें न्यायालय आम्हांस आदरणीय वाटतें. कर्त्यास त्याच्या कर्माची शिक्षा मिळाली. न सिद्ध झालेला हेतु त्याच्या माथीं मारला गेला नाहीं.

(७) उपाय : धरण्याचा धडा

उपायाच्या बाबतींत आम्हांस एका जुन्या चालीचा इतिहास बोधप्रद वाटतो. धनको किंवा दुखावलेला ब्राह्मण ऋणकोच्या दारीं उपाशी बसे, किंवा स्वतःस, प्रसंगीं आपल्याच बायकामुलांस इजा करण्याची धमकी देई. ब्रह्महत्येचें पाप घरधन्यास लागेल या भयानें तो नमे. याला धरणें व त्रागा म्हणत. सर जॉन शोर यांनीं एशियाटिक रिसर्चेसच्या चौथ्या खंडांत अशा प्रकारांची हकीकत दिली आहे. हेंहि स्वतःच्या मरणाचें शस्त्र करणेंच होय, जरी त्याचा घाव परक्याच्या देहावर नव्हे तर मनावर पडे.

तें मोडलें कसें? १७९५ सालीं काशी प्रांतासाठीं त्याविरुद्ध रेग्युलेशन झालें. पुढें १८६० च्या दंडसंहितेंत ५०८ वें कलम आलें, त्याचीं दोन्ही उदाहरणें हींच आहेत: दारीं धरणें धरणें, आणि आपलें मूल मारण्याची धमकी देणें. कलमाचा रोख पहावा. दैवी कोप होईल असा विश्वास दुसऱ्याच्या मनांत उत्पन्न करून त्याजकडून काम करवून घेणें, हा त्यांतील अपराध आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या न्यायसंहितेंतहि तें कलम ३५४ व्या अंकानें राहिलें आहे. परंतु केवळ कलमानें चाल मेली नाहीं. या मरणाचें पाप घरधन्यास लागत नाहीं, असें ज्या दिवशीं शेजाऱ्यांस वाटूं लागलें त्या दिवशीं तें शस्त्र बोथट झालें. ज्या मरणाचें बळ पाहणाऱ्यांच्या श्रद्धेंत आहे, तें पाहणाऱ्यांनीं पाठ फिरविल्यावर निर्बल होतें.

हीच गोष्ट मुंबईंत घडली. मेलेल्या नऊ हल्लेखोरांस आपल्या कबरस्तानांत जागा देण्यास मुंबईच्या मुसलमान जामा मशीद ट्रस्टनें नकार दिला. प्रेतें दीर्घकाळ शवागारांत राहिलीं, व अखेर सरकारनें जानेवारी २०१० मध्यें तीं गुप्तपणें पुरलीं. प्रयोजकानें त्या पोरांस हुतात्मा ही पदवी देऊं केली होती; ज्यांच्या नांवानें ती दिली, त्यांनींच ती नाकारली. आमच्या मतें या नकाराची किंमत शेंकडों पहाऱ्यांहून कमी नाहीं, आणि तिची जितकी वाखाणणी व्हावी तितकी झालेली नाहीं. ज्या समाजावर चापेकरांच्या वेळच्या पुण्याप्रमाणें सरसकट संशयाचा दंड बसतो, त्या समाजास असा नकार देणें कठीण जातें, हेंहि राज्यकर्त्यांनीं विसरूं नये.

सारांश, पहारा व शस्त्र हीं लागणारच. पण त्यांच्या बरोबरीनें तीन गोष्टी हव्या. प्रयोजकाचा पाठलाग, वर्षें गेलीं तरी न सोडतां. कृत्यास मिळणारा मान समाजांतूनच काढून घेणें. आणि घरापासून तुटलेल्या पोरास परका हात लागण्यापूर्वीं आपला हात लागणें. या तिसऱ्या गोष्टींत शाळामास्तराचा वांटा आहे. वर्गांतून एखादा मुलगा नाहींसा झाला तर पटावरून नांव कमी करण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन यावें, एवढें तरी आमच्या हातचें होतें. तें आम्हीं प्रत्येक वेळीं केलें असें म्हणवत नाहीं.

(८) बाडाचा निर्णय

आतां मित्रांच्या प्रश्नाकडे येतों. बाड जाळूं नये. जुवैनीनें जाळलें, आणि जग सातशें वर्षें नशेच्या गोष्टी सांगत बसलें. परंतु तें जसेंच्या तसें, सुटें, ठेवणेंहि योग्य नव्हे. दंडाधिकाऱ्यांपुढील जबानी ही कित्ता म्हणून दिली असें देणारा स्वतःच सांगतो. तेवढीच वेगळी ठेवली तर आपण त्याचें काम पुढें चालवूं. तिच्याशेजारीं बाकीचे तीन पाठ असावे, दूरध्वनीवरील आवाज असावा, निकालपत्र असावें, आणि मारल्या गेलेल्यांच्या नांवांची यादी असावी. पाठभेदांसह छापलेला ग्रंथ कोणास सहसा फसवीत नाहीं.

आणि त्या बाडाच्या आरंभीं एक पान आणखी बांधावें. ही जबानी आज आपल्या हातीं आहे ती एका मनुष्यामुळें. गिरगांव चौपाटीवर सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं, हातांत केवळ लाठी असतां, कसाबच्या बंदुकीची नळी धरली व गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून तो जिवंत सांपडला. २००९ सालीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. त्या रात्रीं तेथें दोन माणसें आपल्या जिवाची पर्वा सोडून समोरासमोर आलीं होतीं. एकास कोणी तरी पाठविलें होतें, दुसऱ्यानें दुसऱ्यांस वांचविण्याकरितां पाऊल पुढें टाकलें. "त्यक्तात्मा" हा कौटिल्याचा शब्द दोघांसहि लागूं शकेल. पाणिनीचा "स्वतंत्र" हा शब्द मात्र, आमच्या अल्पमतीप्रमाणें, त्या दुसऱ्यासच पूर्णार्थानें शोभतो.

मित्रांनीं बाड पुनः रुमालांत बांधून नेलें आहे. पहिलें पान लिहून देण्याचें आम्हीं पत्करिलें आहे.